दोनदा दळलेलं पाचफोरन

बारीककाका अंगाने मुळीच बारीक नाहीत. गिरणीच्या दारात ते उभे राहिले की आतला दिवा लागलाय की विझलाय ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. ते एकदाच स्वतःच्या वजनकाट्यावर चढले होते आणि दुसऱ्या दिवशी काटा दुरुस्तीला पाठवावा लागला, असं त्यांची बायको सांगते. ती सांगते त्यातलं निम्मं खरं धरायची पद्धत आहे. पण निम्मं धरलं तरी काटा बिघडलाच असणार.

नाव पडलं ते त्यांच्या प्रश्नामुळे. गिऱ्हाईक गहू आणो, मिरच्या आणो, नाहीतर हळकुंडं, काका डब्यात हात घालत, दाणे बोटांतून गाळत आणि विचारत, “बारीक की आणखी बारीक?” जाडं असा पर्याय त्यांनी कुणाला कधी दिला नाही. भरड हवी असेल तर दुसरीकडे जावं लागे. भरड म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट काम करून देणारे या जगात कमी आहेत का, असं त्यांचं म्हणणं.

चाळीस वर्षांत त्यांनी डावा कान पिठाच्या चक्कीला दिला आणि उजवा मसाल्याच्या यंत्राला. समोरचा माणूस ओरडला तर त्यांना ऐकू येतं, आणि तो का ओरडतोय हे न कळल्यामुळे ते थोडे रागावतात. नाक मात्र शाबूत राहिलं. नुसतं शाबूत नाही, दोन कानांचा हिस्साही नाकालाच मिळाला असावा. एखाद्या बाईचा मसाला यंत्रातून पडायला लागला की चिमूटभर नाकाशी धरून ते सांगत, “धने या वेळी दुसऱ्या दुकानातले दिसतात.” बायका तोंडात बोटं घालत. काही जणी तर वाण्याशी झालेलं भांडण मनात ठेवून यायच्या आणि काकांनी धने ओळखले की सगळं भांडण सांगून मोकळ्या व्हायच्या. काकांना त्यातलं अक्षर ऐकू येत नसे. म्हणूनच त्यांच्यापाशी मन मोकळं करायला गर्दी असे.

धंद्याचा एक नियम त्यांनी पाळला. ज्याच्या डब्यात जे आलं तेच त्याच्या डब्यात जायचं, दाणाभर कमी नाही आणि कणभर दुसरं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचं तिखट पुढच्याच्या हळदीत उतरू नये म्हणून ते मध्ये आपल्या पदरचे मूठभर तांदूळ यंत्रातून काढत. त्या तांदळाच्या लालपिवळ्या पिठाचं पुढे काय होतं, हे त्यांच्या बायकोला विचारावं. तिने त्याची धिरडी घालून घालून एक मुलगा लिफ्टचा मेकॅनिक होईपर्यंत वाढवला.

गिरणी खाली आणि घर वर. मधे तेरा पायऱ्या. सातव्या पायरीवर जिना वळतो, तिथे भिंतीत एक दगडी फळी आहे. घरचं जे काही दळायचं असेल ते काकू त्या फळीवर आणून ठेवतात आणि काका उतरताना घेऊन जातात. तोंडाने सांगायची गरज नाही, आणि सांगून ऐकू तरी कुठे येणार. तीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालू होता. त्या फळीनेच शेवटी घात केला.

झालं असं की घरात सून आली. मुलगा एका उंच इमारतीची लिफ्ट बसवायला गेला होता, तिथे तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं, आणि दुकानात काचा घासून चौकटीत बसवणारी एक मुलगी होती. लिफ्ट आठ दिवसांत बसायची, तिला तीन महिने लागले. इमारतीतल्या लोकांना जिने चढून चढून दम लागला तेव्हा कुठे या दोघांचं ठरलं. मुलगी बंगाली. घरात कुणाची ना नव्हती. आनंदाच्या भरात काकांनी अख्ख्या गल्लीची हळद फुकट दळून दिली.

सून गुणाची होती, पण बोलत नव्हती. चार महिन्यांत सासऱ्याशी तिची तीनच वाक्यं झाली होती: “हो बाबा”, “नको बाबा” आणि “चालेल बाबा”. तीही ती कानाशी येऊन इतक्या मर्यादेने म्हणे की काकांना ओठांवरून ओळखावी लागत. हिला इथे करमतंय का, हा प्रश्न त्यांना छळायचा. विचारावा कसा ते कळत नव्हतं. त्यांना माया करायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे दळून देणं, आणि ही पोरगी काही दळायलाच देत नव्हती.

मंगळवारी रात्री जेवताना ती पहिल्यांदा सलग बोलली. काकांना ते नंतर काकूंकडून, म्हणजे चवीला थोडं मीठ लावून, कळलं. सुनेला वाढवलं तिच्या मावशीने. मावशी परिचारिका, लग्न न केलेली, गावोगावच्या इस्पितळांत नोकरी करून आता निवृत्त झालेली. मुलाबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती गिरणीवरच्या घराबद्दल. मी माझी पोरगी पिठात लोळवायला वाढवली नाही, असं म्हणून ती लग्नाला आलीच नाही. चार महिन्यांनी आता तिचा फोन आला होता. रविवारी दुपारी जेवायला येते, चारच्या बसने परत जाते, मुक्काम करणार नाही. आणि म्हणाली, “तू एकटीने रांधायचं. त्या घरात तुझ्या हाताला चव उरलीय की नाही, ते मला पहिल्या घासात कळेल.”

सुनेचं म्हणणं एवढंच की तो घास नीट जायला हवा. तो गेला तर मावशीचा रुसवा जाईल. नाही गेला तर मावशी एका शब्दाने बोलणार नाही, फक्त पुन्हा येणार नाही. हे सांगताना पोरीचे डोळे भरले होते, हे मीठ न लावता खरं.

बुधवारी मावशीने पाठवलेला पत्र्याचा डबा आला. चार बोटं उंच, तोंडाला फडकं बांधलेलं. सुनेने तो काकूंना उघडून दाखवला. पाच तऱ्हेचे दाणे, सगळे अख्खे, एकत्र मिसळलेले. याला पाचफोरन म्हणतात, फोरन म्हणजे आपली फोडणीच. तेल तापलं की पाचही दाणे एकदम टाकायचे, ते तडतडले की त्यावर भाजी नाहीतर डाळ. हे दळत नाहीत. मावशी दर वर्षी स्वतः निवडून, उन्हात घालून, हाताने कालवते. काकूंनी मन लावून ऐकलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

गुरुवारी सकाळी काकूंना पाहुणीच्या स्वागताचा झटका आला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या पुसायला काढल्या. डबे खाली, डबे खाटेवर, डबे खिडकीत. हा डबा हरवू नये म्हणून त्यांनी तो मुद्दाम वेगळा, सुरक्षित जागी ठेवला. जिन्यातल्या दगडी फळीवर.

काका दहा वाजता उतरले. फळीवर डबा दिसला. फडकं सोडलं. आत अख्खे दाणे, मिसळलेले. आता चाळीस वर्षं गिरणी चालवलेल्या माणसाला मिसळलेले अख्खे दाणे दिसले तर त्याला एकच गोष्ट सुचते. आणि वरून हे सुनेचे दाणे होते हे वासावरूनच कळत होतं, कारण असला मेळ या घरात कधी शिरलाच नव्हता. काकांचं मन भरून आलं. चार महिन्यांनी का होईना, पोरीने काहीतरी दळायला ठेवलं. तोंडाने मागायला लाजली, म्हणून फळीवर ठेवलं. घराची रीत शिकली म्हणायची.

त्यांनी समोरचं गिऱ्हाईक थांबवलं. यंत्रातून नेहमीपेक्षा दुप्पट तांदूळ काढले, यंत्र पुसलं, आणि डबा नसराळ्यात ओतला. एकदा दळलं. बोटांत चोळून बघितलं, समाधान झालं नाही, पुन्हा दळलं. मग मलमलच्या फडक्यातून चाळलं. इतकं बारीक की फुंकर मारली तर डबा रिकामा व्हावा. फडकं पुन्हा तसंच बांधून ते स्वतः तेरा पायऱ्या चढून वर गेले. एरवी ते जेवणाशिवाय चढत नाहीत.

काकूंनी डबा उघडला. त्या बाईला गप्प बसलेलं काकांनी लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

“काय झालं?” काका म्हणाले. “आणखी बारीक हवं होतं?”

काकूंनी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. सांगताना आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पण सून कामावर होती हे नशीब. हे दळत नाहीत. पूड तेलात टाकली की जळून काळी होते, आणि यातली मेथी दळल्यावर कडू ती कडूच. रविवारच्या घासाचं तुम्ही पीठ केलंत.

काका खाटेवर बसले. खाटेवर आधीच असलेले दोन डबे त्यांच्याखाली गेले.

“मला कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला सांगून कळतं होय? आणि तुम्ही विचारलंत का कुणाला?”

“फळीवर होतं.”

यावर काकू डब्याचं फडकं पुन्हा बांधायला लागल्या, कारण फळीवर कुणी ठेवलं ते त्यांना माहीत होतं. म्हणजे दोघांनी मिळून हात दाखवून अवलक्षण केलं होतं. संध्याकाळी पोरीला सांगून टाका, असं काकूंचं मत पडलं. काकांचं म्हणणं, तिला उगीच घोर कशाला, रविवारला तीन दिवस आहेत, दाणे बाजारात मिळतात, मी तसाच डबा भरून ठेवतो.

“तसाच म्हणजे कसा? काय काय होतं त्यात ते तरी ठाऊक आहे का?”

काकांनी नाकाकडे बोट दाखवलं.

“बरं,” काकू म्हणाल्या. “मी खोटं बोलणार नाही. पण कुणी विचारल्याशिवाय खरंही बोलणार नाही. शनिवार रात्रीपर्यंत.”

त्या दिवशी काकांनी गिरणी लवकर बंद केली आणि डबा मांडीवर घेऊन बसले. चिमूट घ्यावी, नाकाशी धरावी, डोळे मिटावेत. जिरं पहिल्या चिमटीला निघालं. बडीशेप तर लपतच नव्हती. मेथी इतरांच्या निम्मी, मोजून घातलेली. मावशी हाताची पक्की असणार, हे काकांनी मनात नोंदवलं. चौथा दाणा कलौंजी. ते काळे दाणे त्यांनी दळताना पाहिलेही होते. पण पाचवा काही सापडेना. ओव्यासारखा वास, पण ओवा नाही. ओवा नाकात सरळ शिरतो, हा वळसा घेऊन येत होता. थोडा मातीचा, थोडा हिरव्या देठाचा. शेपूचं बी? नाही. शहाजिरं? छे.

शुक्रवारी त्यांनी बाजार पालथा घातला. चार दाणे अर्धा अर्धा किलो घेतले. चमचाभर माल विकत घेणं त्यांच्या हाताला जमत नाही. पाचव्यासाठी चिमूटभर पूड कागदात बांधून ती दुकानोदुकानी वाण्यांच्या नाकाशी धरली. पहिला वाणी शिंकला. दुसरा म्हणाला ओवा. तिसऱ्याने काकांना विचारलं, तुम्हीच ओळखत नाही तर आम्ही काय नाकाने कांदे सोलणार? औषधी मुळ्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने बराच वेळ विचार करून खालच्या खणातून एक डबी काढली. दाणे जुळते वाटत होते, पण डबीत बसून बसून त्यांचा वास उडाला होता. निव्वळ धूळ. तरी म्हातारा ती सोन्यासारखी विकायला तयार होता.

शनिवारी सकाळी काकांनी डब्यातली पूड कागदात बांधली आणि चार दाणे प्रमाणात मिसळून डब्यात भरले. डबा बघायला हुबेहूब दिसत होता. पाचव्याच्या जागी त्यांनी ओव्याची पुडी सोडली. कुणाला कळणार होतं? दाणा त्याच अंगाचा, वासाने चुलतभाऊ. ओव्याची मूठ डब्यावर धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत कुणाच्या डब्यात आपण दुसऱ्याचा कण पडू दिला नाही, आणि आता आपल्याच सुनेच्या डब्यात मूठभर खोटं घालायला निघालोय. त्यांनी ओवा परत पुडीत बांधला, डबा आणि ती पूड पिशवीत टाकली आणि पिठाच्या कपड्यांतच चष्म्याच्या दुकानाकडे निघाले.

दुकान काचेचं, चकचकीत. भिंतीवर तीनशे चष्मे टांगलेले आणि सगळे आपल्याकडेच बघतायत असं काकांना वाटलं. ते आत शिरले तसे बाकावरचे दोघे शिंकले, कारण सकाळी मिरची दळून झाली होती. सून मागच्या बाजूला एका छोट्या फिरत्या दगडाशी बसली होती. हातात काचेची चकती, दगडावर पाण्याची बारीक धार. ती काच दगडाला टेकवी, उचली, उजेडाकडे धरी, पुन्हा टेकवी. काका बघत राहिले. ही पोरगी दिवसभर दळतेच की, त्यांच्या मनात आलं. ही आपल्याच धंद्यातली निघाली.

तिने वर पाहिलं आणि घाबरून उठली. घरी काही झालं का, असं तिने विचारलं असावं. काकांना ऐकू आलं नाही. त्यांनी पिशवीतून डबा काढून तिच्या टेबलावर ठेवला, आणि शेजारी पुडीत बांधलेली ती पूड.

“हे तुझं,” ते पुडीकडे बोट करून म्हणाले. “मी दळलं. मला वाटलं तू दळायला ठेवलंस. आणि हे मी नव्याने केलंय. चार दाणे ओळखले. पाचवा ओळखता आला नाही. खोटा घातला नाही.”

त्यांचा आवाज नेहमीचाच, म्हणजे सगळ्या दुकानाला समजेल असा. शिंकणारे दोघे शिंकायचे थांबले.

सुनेने पुडी उघडली. चिमूट बोटांत चोळून बघितली. मग काकांच्या कानाशी येऊन, पहिल्यांदाच ऐकू येईल अशा आवाजात, म्हणाली, “किती वेळा दळलं?”

“दोनदा,” काका म्हणाले. खोटं बोलायचं नाही असं ठरवलंच होतं, म्हणून पुढे म्हणाले, “मलमलमधून चाळलंही.”

तिचा चेहरा रडण्याच्या अगदी काठावर होता, आणि तिथूनच तो हसण्याकडे कलंडला. ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मध्येच तिने डोळे पुसले, ते कशाचे होते हे काकांना नीट कळलं नाही, बहुधा दोन्हीचे. मग तिने नव्या डब्यातली चिमूट तळहातावर पसरून एकेक दाणा बोटाने सरकवत पाहिला आणि मान हलवली. प्रमाण बरोबर होतं. मेथी निम्मी, हेसुद्धा. हे कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. काकांनी पुन्हा नाकाकडे बोट दाखवलं.

पाचवा दाणा म्हणजे राधुनी. तो इकडे मिळत नाही, मावशी तिकडून मागवते. ज्यांच्याकडे राधुनी नसते ते तिच्या जागी मोहरी घालतात; कितीतरी घरांत तसंच करतात. पण मावशी त्याला फोरन म्हणायला तयार नसते.

“मग?” काका म्हणाले.

“मग मोहरी,” सून म्हणाली. “आपल्या घरात मोहरी आहे.”

आपल्या घरात, असं ती म्हणाली. काकांनी ते ओठांवरून वाचलं, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी सराव झाला. काकूंनी मोठ्या मनाने कढई दिली आणि दारात स्टूल टाकून बसल्या, कारण आपल्या शेगडीवर दुसऱ्याला बघणं त्यांना उभ्याने सोसत नाही. सुनेने खरं सांगून टाकलं: पाचफोरनात मेथीच दगा देते. बाकीचे दाणे तडतडून सांगतात, मेथी मुकाट लाल होते आणि दुसऱ्या क्षणी काळी. तिला घाई होते आणि तिची मेथी जळते. मावशी यावरून तिला लहानपणापासून बोलत आलीय. पहिली फोडणी जळलीच. घरभर कडू धूर झाला, काकूंनी खिडकी उघडली आणि काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

दुसऱ्या फोडणीला काका दाराशी उभे होते. दाणे तडतडत होते ते त्यांना मुळीच ऐकू येत नव्हतं. कढईही दिसत नव्हती. पण मेथी कच्ची असतानाचा वास वेगळा, भाजली जाताना वेगळा, आणि त्या दोहोंमधून ती कडूकडे वळते तो एक क्षण वेगळा. हा क्षण त्यांनी भाजलेला मसाला दळताना हजारदा हुंगला होता.

“आता,” ते म्हणाले.

सुनेने भोपळा टाकला. मेथी लाल होती, टपोरी, एक दाणा काळा नाही. तिने झारा हातातच धरून सासऱ्याकडे बघितलं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा “आता”, पुन्हा लाल.

“तीस वर्षं माझ्या फोडण्या जळत होत्या,” काकू स्टुलावरून म्हणाल्या, “तेव्हा हे नाक कुठे होतं?”

“खाली,” काका म्हणाले.

हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

रविवारी मावशी आली. काटकुळी, ताठ, पांढरेशुभ्र कपडे, खांद्याला एवढीशी पिशवी. जिन्याखाली गिरणीच्या दारात थांबून तिने बोट पुढे केलं आणि दाराच्या चौकटीवरून फिरवून बघितलं. काकांनी शुक्रवारपासून चारदा पुसली होती. बोट स्वच्छ निघालं. ते बघून ती थोडी नाराज झाल्यासारखी दिसली. गावोगाव नोकऱ्या केल्यामुळे तिला सगळ्यांची भाषा येत होती आणि कुणाचीही सरळ येत नव्हती, पण बोलायची ठणठणीत. वॉर्डात बोलावं तसं. काकांना ती पहिल्या वाक्यापासून ऐकू येऊ लागली, आणि बाहेरच्या माणसाचं असं सहज ऐकू येणं त्यांना इतकं आवडलं की ते अधूनमधून उगीचच काहीतरी विचारत राहिले.

पाट, पाणी, ताटं. मसुराची डाळ, भोपळा-बटाटा-वांग्याची भाजी, भात. मुलगा मावशीच्या समोर बसला होता आणि लिफ्टची दोरी तुटल्यासारखा चेहरा करून ताटाकडे बघत होता. मावशीने डाळभाताचा घास घेतला. सून वाढायचा डाव हातात धरून उभी राहिली. घास चावला गेला, गिळला गेला.

“मोहरी आहे,” मावशी म्हणाली.

सुनेच्या हातातला डाव खाली आला.

“मी राधुनी पाठवली होती.”

“ती मी दळली,” काका म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं, फळीपासून मलमलपर्यंत. काकूंनी मध्ये फक्त एकदा, फळीवर डबा मी ठेवला, असं खालच्या आवाजात सांगितलं. मावशी जेवायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, “कच्चीच दळलीत?”

“म्हणजे?”

“भाजली नाहीत?”

“भाजायची असते?”

मग मावशीने डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि वॉर्डातल्या नव्या पोरींना समजवावं तसं समजावलं. फोडणीला फोरन अख्खं. आणि तेच कोरडं भाजून, दळून, झालेल्या पदार्थावर वरून भुरभुरायला. दही असो, काकडी असो, टोमॅटोचं गोडआंबट असो. आमच्याकडे दोन्ही लागतं. तुम्ही दोन्हीच्या मधलं काहीतरी केलंत.

काकांनी काकूंकडे असं काही पाहिलं की जणू न्यायाधीशाने त्यांना निर्दोष सोडलं होतं. दळत नाहीत म्हणे.

“भाजून,” काकू म्हणाल्या. “भाजून म्हणतायत त्या.”

मावशीने भाजीचा घास घेतला. या वेळी ती थांबली. बोटाने एक मेथीचा दाणा ताटाच्या कडेला ओढला, उलटा केला, सुलटा केला. “हिची मेथी जळते नेहमी,” ती म्हणाली. “आज कुणी सांगितलं कधी थांबायचं?”

सुनेने सासऱ्याकडे बोट दाखवलं. काकांनी नाकाकडे. मावशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वाडगा पुढे केला. डाळ आणखी हवी होती. वाढताना सून खाली वाकली तेव्हा मावशी तिला म्हणाली, “हात तुझाच आहे. घाई तेवढी गेली.” एवढंच. पण सुनेने त्या वाडग्यात इतकी डाळ ओतली की ती ताटात वाहिली.

जेवण झाल्यावर मावशीला चारची बस होती. पण आधी तिने ती पूड मागितली, हुंगली, आणि इतकं बारीक आपण आयुष्यात पाहिलं नाही असं कबूल केलं. मग, एवढं यंत्र खाली असताना कच्चं ठेवणं बरं नाही, असं म्हणत ती उठली आणि काकूंची कढई घेऊन काकांचे अर्धा अर्धा किलो दाणे भाजायला बसली. काकू बघत राहिल्या. एका आठवड्यात शेगडी तीनदा गेली होती. पण वास असा सुटला की खालून दोन गिऱ्हाइकं रविवार असून डबे घेऊन आली.

भाजून झालं, निवलं. रविवारी गिरणी उघडली. यंत्राच्या आवाजात मावशी सूचना देत होती आणि काकांना त्या सगळ्या ऐकू येत होत्या. तसा आवाज चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला लागला नव्हता. एवढं बारीक नको, थोडी भरड ठेवा, असं तिने दोनदा बजावलं, आणि काकांनी ठेवली. जिन्यावर बसलेल्या काकूंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. तोवर पाच वाजले होते.

बसची आठवण मुलाला झाली. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि मग बायकोकडे. तिने डोळ्यांनीच, गप्प बस, असं सांगितलं. मावशीही त्या बाबतीत काही बोलली नाही. दिवे लागल्यावर मात्र तिने काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की मुक्कामाचा बेत नव्हता, बरोबर कपडे आणले नाहीत. काकूंनी आपला गाऊन दिला. मावशी तो घालून बाहेर आली तेव्हा आत आणखी एक मावशी सहज मावली असती. बाह्या तिने दोनदा दुमडल्या, सुनेने पाठीमागे दोन पिना लावल्या, आणि हसू नये म्हणून मुलगा गॅलरीत निघून गेला.

“सकाळी आठला बस आहे,” काकू अंथरूण घालताना म्हणाल्या. “उठवीन मी.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?” मावशी म्हणाली. “तीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात. आता मी दहाच्या आत उठत नाही.”